उणे चाळीस

आमच्या मोटारीला थंडी वाजते आहे, ही गोष्ट मला २०२२ सालच्या मे महिन्यात, एका रविवारी सकाळी साडेअकरा वाजता कळली. पुण्यात त्या दिवशी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आमच्या सोसायटीतली कुत्री पार्किंगमधल्या गाड्यांखाली जिभा बाहेर काढून पडली होती. त्यांतलं एक कुत्रं आमच्याच गाडीखाली होतं आणि त्याच्या बरोबर दीड हात वर, बॉनेटच्या आत, इंजिनात शिरणारी हवा उणे चाळीस अंश असल्याची नोंद खुद्द गाडीच्या संगणकाने केली होती.

पण हे मधलंच सांगितलं. सुरुवात झाली ती नेहमीप्रमाणे माझ्या हुशारीपासून. ती कशी, ते मी जरा उशिरा सांगणार आहे. कबुलीजबाब आधीच दिला की माणसं पुढचं ऐकून घेत नाहीत, हा बँकेतल्या कर्जखात्यात बावीस वर्षं काढल्यावरचा अनुभव आहे.

गाडी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी. तिची कामं तीनच. भाजी, लग्नं आणि वाई. वाईला माझ्या सासूबाई असतात. वय वर्षं शहाऐंशी. एस.टी.त त्यांना चक्कर येते, भाड्याच्या टॅक्सीत मळमळतं. आमच्या गाडीत मात्र त्या पुढच्या सीटवर दोन तास ताठ बसतात आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या ड्रायव्हरचं चारित्र्य ठरवतात. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. "मला काय आता पेपरात नोकरीच्या जाहिराती बघायच्यात?" असं म्हणून तीन वर्षं त्यांनी ऑपरेशन टाळलं होतं. शेवटी एकदाच्या तयार झाल्या. अट एकच. "जावयांच्या गाडीतनं येईन. दुसऱ्या कशातनं नाही." बत्तीस वर्षांच्या जावईपणात मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. तारीख ठरली २ जून.

आणि एप्रिलच्या अखेरीला गाडी हिसके देऊ लागली.

म्हणजे एरवी नीट चालायची. मध्येच, काही कारण नसताना, उचकी लागल्यासारखी करायची. ॲक्सिलरेटर दाबावा तर पिकअप घ्यायच्याऐवजी मागे ओढायची. पेट्रोलचा वास यायचा. सिग्नलला उभी असताना मागून काळा धूर निघायचा आणि शेजारचा स्कूटरवाला तोंडावरचा रुमाल सारखा करून माझ्याकडे बघायचा. लिटरला पंधरा देणारी गाडी अकरावर आली. पेट्रोल तेव्हा शंभराच्या बरंच वर गेलं होतं, त्यामुळे हा आकडा मी घरात सांगितला नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा कधी लागायचा, कधी विझायचा. आमच्या मेस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "काका, सेन्सरचा दिवा हाय. ह्या गाड्यांना लागतोच. लक्ष नाय द्यायचं." लक्ष देऊ नये म्हणून मी सौ.ची एक मोठी मरून टिकली त्या दिव्यावर चिकटवली. गाडी एकदम सुवासिनी दिसू लागली. हिसके चालू राहिले.

वाचकहो, गाडी बिघडली की आपल्या देशात सल्ल्यांचा तुटवडा पडत नाही. इस्त्रीवाला म्हणाला, पेट्रोलात पाणी आहे, पंप बदला. मी पंप बदलला. मेहुणे म्हणाले, क्लच घासलाय. मेस्त्रींनी प्लग काढून दाखवले, ते देवळातल्या समईच्या वातीसारखे काजळलेले. "मिक्श्चर रिच जातंय काका," ते म्हणाले. म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. प्लग साफ करून बसवले. चार दिवस गाडी लग्नातल्या घोड्यासारखी चालली आणि पाचव्या दिवशी पुन्हा होती तशी. एका मोठ्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथे ए.सी.त बसवून कॉफी दिली आणि कॉफी संपायच्या आत साडेअठरा हजारांचं एस्टिमेट दिलं. फ्युएल पंप, इंजेक्टर, आणखी काय काय. मी कॉफीचे आभार मानून बाहेर पडलो.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण १४ मेच्या शनिवारी आम्ही दोघं सासूबाईंचे कागदपत्र आणायला वाईला निघालो आणि खंबाटकीच्या घाटात गाडीने मान टाकली.

ज्यांना तो रस्ता माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी तेव्हा बोगदा होता. पुण्याहून जाणाऱ्यांच्या नशिबी घाटाची चढण. चढणीच्या ऐन मध्यावर, वळणावर, गाडीने तीन आचके दिले आणि बंद. मागे उसाच्या मळीचा टँकर. त्याच्या मागे सगळा महाराष्ट्र. मी हँडब्रेक ओढून चावी फिरवतोय, इंजिन नुसतं घरघरतंय. आणि सौ. — जी गाडीतून उतरताना एरवी पदर दारात अडकला का हे तीनदा बघते — ती उडी मारून उतरली आणि रस्त्याकडेचे दगड उचलून मागच्या चाकाला लावू लागली. पासष्टीला टेकलेली बाई. गुडघ्याचं दुखणं असलेली. आरशात मला तिचा फक्त हात दिसत होता आणि हातात दगड.

दहा मिनिटांनी गाडी आपणहून सुरू झाली. जणू काही झालंच नव्हतं. वाईपर्यंत सौ. एक शब्द बोलली नाही. परत येताना शिरवळ मागे पडल्यावर म्हणाली, "ऑपरेशनला आपण टॅक्सी करू. आईला मी समजावते."

"अगं, गाडीत काहीतरी बिघाड आहे."

"असेल," ती म्हणाली. "पण परवा तुम्ही सिग्नलला तिसऱ्या गिअरमध्ये उचलत होतात. मेहुण्यांच्या पण लक्षात आलंय."

त्याच रात्री बंगलोरहून चिरंजीवांचा फोन. "बाबा, तुम्ही आता हायवेवर नका चालवू. विकून टाका गाडी. ॲपवर पाच मिनिटांत टॅक्सी येते." आवाज इतका मऊ होता की मला घाम फुटला. माझ्या वडिलांना सायकल सोडायला सांगताना मी ह्याच आवाजात बोललो होतो.

म्हणजे आता प्रश्न गाडीचा राहिला नव्हता. हिसके इंजिन देतंय की मी देतोय, हा मुद्दा होता. खरं सांगायचं तर रात्री अंथरुणावर पडल्यावर मलाही नक्की सांगता येईना. डावा पाय हलवून बघितला. क्लच दाबल्यासारखा केला. बरा वाटला. पण पायाचं काय, तो आपल्या बाजूनेच साक्ष देणार.

माझी पुतणी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करत होती. घरात सगळे तिला 'मुलीच्या जातीला हे काय' म्हणत, मीही एकदा म्हणालो होतो. ती त्या रविवारी आली ती खिशात काडेपेटीएवढी एक वस्तू घेऊन. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ एक सॉकेट असतं. (आठ वर्षं मी त्याला गुडघा आपटत होतो, ते कशाचं हे तेव्हा कळलं.) तिने ती काडेपेटी त्यात खुपसली, मोबाईल उघडला आणि म्हणाली, "काका, ही टिकली कुणी लावली?"

मी हवामानाविषयी बोलू लागलो.

"कोड आहे पी-०११३," ती म्हणाली. "इनटेक एअर टेंपरेचर. आत जाणाऱ्या हवेचं तापमान. बघा, उणे चाळीस दाखवतंय."

आमच्या वर राहणारे निवृत्त प्रोफेसर अशा वेळी वासावर येतात. ते बनियनवर खाली आले होते. ते म्हणाले, "सेल्सियस की फॅरनहाइट?"

"काही फरक पडत नाही आजोबा," पुतणी म्हणाली. "उणे चाळीसला दोन्ही एकच."

प्रोफेसर गप्प झाले. फिजिक्सच्या माणसाला असं गप्प झालेलं मी प्रथमच पाहिलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी, फॅरेडेने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्यातून वीज अधिक सुखाने जाते हे कसं पाहिलं, तिथपासून सुरुवात केली. एरवी तांब्याची तार तापली की विजेला विरोध वाढतो. ह्या पदार्थांत उलट, तापले की विरोध कमी होतो. तसल्याच एका पदार्थाचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा आमच्या गाडीच्या हवेच्या नळीत बसवलेला होता. संगणक त्याच्याकडे पाच व्होल्ट पाठवतो. हवा गरम असेल तर दाणा वीज सहज जाऊ देतो आणि व्होल्ट खाली येतात. हवा गार असेल तर दाणा अडून बसतो आणि व्होल्ट वर राहतात. त्यावरून संगणक तापमान ओळखतो. एवढीच त्याची विद्या.

"आणि वायर तुटली तर?" मी विचारलं.

"तर वीज जायचं नावच नाही," पुतणी म्हणाली. "पाचच्या पाच व्होल्ट तसेच. संगणकाला वाटतं, बाप रे, काय ही थंडी! त्याच्या ह्या आकड्याला शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत जागा. त्यातून चाळीस वजा करून वाचायचं. म्हणजे तळ गाठला की उणे चाळीस."

आता पुढचं मला न सांगताही समजलं. थंड हवा दाट असते, एका घोटात जास्त मावते, तेव्हा तिला पेट्रोलही जास्त लागतं. म्हणजे आमचा संगणक मे महिन्याच्या उन्हात बसून, बाहेर बर्फ पडतंय अशा समजुतीने, इंजिनाला आग्रह करकरून वाढत होता. कोकणातल्या एखाद्या आत्याने, पोरगं गारठून आलंय म्हणून भातावर तुपाची धार सोडत राहावं, आणि पोराने 'पुरे' म्हणायला तोंड उघडावं तर त्याच तोंडात आणखी एक घास. उचकी लागेल नाही तर काय होईल? काळा धूर, काजळलेले प्लग, अकराचं ॲव्हरेज, सगळ्याचा उलगडा झाला. माझा डावा पाय निर्दोष होता. मी मोठ्याने सौ.ला हाक मारली.

सौ. गॅलरीतून म्हणाली, "मग दुरुस्त करा आणि सांगा."

नवा सेन्सर साडेसहाशेला मिळाला. मंगळवारी मेस्त्रींनी बसवला. पिवळा दिवा विझला, मी टिकली काढून ठेवली, येताना पेढे आणले. बुधवारी सिंहगड रस्त्यावर पहिल्या स्पीडब्रेकरवर गाडीला परत उचकी लागली. पेढे अजून संपले नव्हते.

शुक्रवारी पुतणी पुन्हा आली, कॉलेज बुडवून. ह्या वेळी तिचा चेहरा परीक्षेतला होता. "काका, माझं चुकलं," ती म्हणाली. "कोडमध्ये सेन्सर लिहिलंय म्हणून सेन्सर बदलला. कोड सर्किटचा होता. वायर बघायलाच पाहिजे होती." आणि तिने सगळं पहिल्यापासून मांडलं. गाडी रात्रभर उभी होती. चावी फिरवली, इंजिन चालू न करता. इंजिनातलं पाणी सत्तावीस अंश, हवा अठ्ठावीस. म्हणजे दोघांचं एकमत. मग इंजिन चालू केलं. पाणी हळूहळू वर गेलं आणि हवा एकदम उणे चाळीस. तीन सेकंदांनी परत अठ्ठावीस. हिमालयात जाऊन आल्यासारखी.

"वायर पूर्ण तुटली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "संगणकाने सेन्सरवर भरवसा ठेवायचं सोडून ठोकळ आकडा धरून चालवलं असतं. ही धड तुटत नाही आणि धड जोडत नाही."

इंजिन बंद केलं. जुना सेन्सर मी टाकून दिला नव्हता; आमच्याकडे काहीच टाकून देत नाहीत. प्रोफेसरांनी मल्टिमीटर आणला. दाणा दोन हजार ओहमच्या आसपास. सौ.चा केस वाळवायचा ड्रायर त्यावर धरला तसा आकडा झरझर उतरून हजाराच्या खाली. म्हणजे बिचारा जुना सेन्सरही ठणठणीत होता. साडेसहाशे रुपये गेले ते गेलेच. मग चावी फिरवून पुतणीने गाडीतला कनेक्टर सोडवला. मोबाईलवर उणे चाळीस. त्याच्या दोन पिनांमध्ये सौ.ची केसातली पिन वाकवून घातली. आकडा उडाला तो दीडशेच्या आसपास. "म्हणजे संगणक बरोबर वाचतोय," ती म्हणाली. "आता काका, तुम्ही वायर हलवा. कनेक्टरपासून मागे मागे. मी आकडा सांगते."

मी बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलो. आतून माझी बोटं आणि बाहेरून तिचा आवाज.

"दीडशे... दीडशे... अजून मागे... दीडशे... परत पुढे या... उणे चाळीस! दीडशे! उणे चाळीस! काका, तिथेच! सोडू नका!"

कनेक्टरच्या अगदी मानेशी. मी त्या जागेवर बोट धरून उभा होतो आणि उन्हाने माझी पाठ भाजत होती. पण पाठीतून एक गार शिरशिरी गेली, ती उन्हाची नव्हती. कारण ती जागा मी ओळखली होती.

आता तो कबुलीजबाब. मार्च महिन्यात मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. 'घरच्या घरी एअर फिल्टर साफ करा.' मेस्त्री त्याचे तीनशे घेतात. सौ. मंडईत गेली असताना मी फिल्टरचा डबा उघडायला घेतला. मध्ये हा कनेक्टर आला. त्याला बाजूला एक छोटी कळ असते, ती दाबून काढायचा. व्हिडिओतल्या मुलाने ते सांगितलंही असेल, पण मी जाहिरात पुढे ढकलण्याच्या नादात ते पुढे ढकललं. कनेक्टर येईना. मग मी वायरला धरून, मुळा उपटावा तसा उपटला. चौथ्या झटक्याला आला. फिल्टर साफ केला, सगळं जागच्या जागी बसवलं आणि तीनशे रुपये वाचवल्याच्या आनंदात स्वतःसाठी एक भेळ घेतली.

"कशाने तुटली असेल हो?" पुतणीने विचारलं.

"उंदीर," मी म्हणालो.

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. पुण्यातल्या पार्किंगमध्ये उंदीर वायरी कुरतडतात हे खरंच आहे, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. प्रोफेसरांनी तर इंजिनापाशी तंबाखूची पानं टांगायचा उपाय सुचवला. संध्याकाळी मी स्वतः जाऊन जर्द्याची पानं आणली आणि ज्या उंदराने ह्या जगात कधी जन्मच घेतला नव्हता त्याच्यासाठी सुतळीने बांधली.

शनिवारी मेस्त्रींनी ती वायर सोलली. वरचं वेष्टण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. दोन तारा एकमेकींना नुसत्या टेकून. धक्का बसला की सुटायच्या, परत टेकायच्या. त्यांनी दोन इंच तुकडा कापून नवा जोडला, डाग दिला, वर नळी आवळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उंदराचा दात नाय हा, काका. उंदीर वरनं खातो. हे कुणीतरी ओढलंय." सौ. तिथेच उभी होती. मेस्त्रींनी शंभर रुपये घेतले. मी त्यांना दोनशे देत होतो.

रविवारी सकाळी आम्ही वाईला निघालो. टॅक्सीचा विषय सौ.ने काढला नाही, पण गाडीत बसताना तिच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. मी विचारलं नाही. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर कागद जरा सरकला तेव्हा दिसलं. वीट होती. सोसायटीच्या बागेच्या कडेची.

घाट लागला. मी दुसरा गिअर टाकला. पुढे ट्रक, मागे ट्रक. त्या वळणावर आलो तेव्हा मी रेडिओ बंद केला आणि सौ.ने दोन्ही हात विटेवर ठेवले. गाडी एकाच सुरात चढत होती. मी इंजिनाचा आवाज असा ऐकत होतो, जसा मुलाच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभा राहून ऐकला होता. वळण गेलं. दुसरं गेलं. माथ्यावर पोचलो आणि समोर सगळं खाली पसरलेलं दिसलं, तशी सौ. म्हणाली, "तो उंदीर..."

"हं?"

"तो फिल्टर साफ करायचा व्हिडिओ बघत होता का?"

मी रस्त्याकडे बघत होतो. घाटात ड्रायव्हरने रस्त्याकडे बघायचं असतं.

"मंडईतनं आले तेव्हा तुमच्या बनियनला काळे हात पुसलेले होते," ती म्हणाली. "आणि भेळेचा कागद. मला वाटलं, सांगाल आज-उद्या."

"मग तू का नाही बोललीस?"

"मला कुठे माहीत, त्यानेच बिघडली म्हणून? मला आपलं वाटलं, तुमचंच काहीतरी..." ती थांबली. नंतर बाहेर बघत म्हणाली, "रात्री पाय हलवून बघत होतात. मी जागी होते."

सुरूर फाट्याला मी डावीकडचा आरसा उगाचच सारखा केला.

सासूबाई तयारच होत्या. ट्रंक, पाण्याचा तांब्या, आणि पुण्यात चांगलं मिळत नाही म्हणून दोन किलो हळद. पुढच्या सीटवर बसल्या, पण गेल्या वर्षभरात त्या आणखी आटल्या होत्या. पाय खाली टेकेनात. सौ.ने मागून वीट पुढे दिली. मी ती कागदासकट त्यांच्या पायांखाली ठेवली. त्यांनी पाय जुळवून नीट ठेवले, हात कमरेवर घ्यायचे तेवढे बाकी राहिले.

"मध्ये गाडी आजारी होती म्हणे?" निघाल्यावर त्यांनी विचारलं.

"थंडी वाजत होती तिला, आई," सौ. मागून म्हणाली. "उणे चाळीस."

सासूबाईंनी ह्यावर बराच विचार केला. बोगद्याचं तोंड दिसू लागलं होतं. मी दिवे लावले.

"वैशाखात थंडी वाजली म्हणजे ताप असणार," त्या म्हणाल्या. "जावयांनी आधी कपाळाला हात लावून बघायचा होता." आणि बोगद्यात शिरता शिरता त्यांनी आपला चांगला डोळा पुढच्या ट्रकवर रोखला. "हा मेला प्यायलेला दिसतोय. जरा लांब ठेवा."